यजमानाचे नाव

"थांब लेकरा, मी आजून तिथंच हाय."

काकू असं म्हणायच्या आणि पडद्यावर बोट टेकवून ठेवायच्या. शिकवताना मी पाचव्या पायरीवर पोचलेलो, त्या अजून दुसऱ्या पायरीवरच. दर शनिवारी अहमदपूरहून एसटीनं नांदेडला माझ्या कॉम्प्युटर क्लासवर यायच्या, पिशवीत नवऱ्याची, म्हणजे गुरुजींची, वही घेऊन. चाकूर-अहमदपूरकडच्या बोलीतले शब्द गुरुजींनी जन्मभर त्या वहीत टिपले होते. गुरुजी गेले. आता ती वही स्वतःच्या हातानं वेबसाइटवर चढवायची, हा काकूंचा हट्ट.

"मी देतो की करून, तासाभराचं काम," म्हटलं तर म्हणायच्या, "त्यांनी लिवताना दुसऱ्याला सांगितलं व्हतं का?"

वेबसाइट बनवायचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, जगभरातले हौशी लोक मिळून चालवतात. नवशिक्यांसाठी त्याच्या पडद्यावरच्या सूचना आणि मराठी माहिती मी लिहिलेली, आणि मला तिचा भारी तोरा. काकूंनी तो पंधरवड्यात उतरवला. "'फक्त एवढंच करा' म्हून लिवलंय. फक्त कुणाला? तुला!" मी 'फक्त' खोडला. असे किती खोडले, देव जाणे. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, आपलं शहाणपण हसत हसत काढून घेणारी.

एका शनिवारी पडद्यावर एक चौकट आली : 'यजमानाचे नाव लिहा.' वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर राहते त्याला होस्ट म्हणतात. मी ऐटीत शब्दकोश बघून त्याचा यजमान केला होता. चहा सांगून परत येतो तर काय, काकूंनी डोक्यावर पदर घेतलेला, आणि चौकटीत एकेक अक्षर शोधून गुरुजींचं पूर्ण नाव लिहिलेलं. नावाआधी 'कै.' नव्हतं.

"उखाण्याबिगर पहिल्यांदाच नाव घेतलं बघ," त्या लाजून म्हणाल्या.

बटण दाबलं. पडद्यावर आलं : 'यजमानाशी संपर्क होत नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

मला हसू फुटलं. अजून त्याची लाज वाटते.

"ते मला बी ठाऊक हाय," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. चहा निवून गेला.

निघताना म्हणाल्या, "तेवढा शब्द बदल रे. माझ्यामागून येणारी कुणी तिथं अडकायला नको."

"करतो, काकू." केलं नाही. पुढच्या शनिवारी बघू म्हटलं. त्या शनिवारी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघताना काकूंच्या छातीत कळ आली, आणि तिथंच संपलं. पिशवीत वही होती.

पुतण्यानं ती मला आणून दिली. तासाभराचं काम म्हणालो होतो ना? वर्ष झालं, अजून बाकीच आहे.

शब्द मात्र फोन आला त्याच दिवशी बदलला. आता तिथं 'सर्व्हरचे नाव' असतं, कुणी अडकत नाही. माझ्या कॉम्प्युटरवर काकूंची सरावाची साइट तेवढी तशीच आहे. उघडली की चौकटीत गुरुजींचं नाव, खाली तीच ओळ. ते खोडून सर्व्हरचं नाव घातलं की साइट सुरू होईल, वही चढवता येईल. मी खोडायला जातो, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून स्पष्ट ऐकू येतं, "थांब लेकरा, मी आजून तिथंच हाय."

थांबतो, काकू.