सत्त्वाचं पातेलं

आमच्या समोरच्या डॉक्टरांइतका तापट माणूस उभ्या नाशकात झाला नाही आणि होऊही नये. गंगापूर रोडवर त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅबोरेटरी आणि इंदिरानगरात आमच्यासमोर घर. दोन्हीकडे ते सारख्याच आवाजात ओरडत. ‘नळ फुगलेत’, ‘गोळा सरकलाय’ असलं काही त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. एका लग्नात नवऱ्या मुलाचे मामा सहज म्हणाले, “डॉक्टर, गॅसवर काही औषध?” तर यांनी भर पंगतीत त्यांना शौचाचा रंग विचारला. मामा पानावरून उठले. डॉक्टरांनी शांतपणे आणखी एक पुरणपोळी वाढून घेतली. पुरणपोळी समोर असली, की तेवढा वेळ त्यांचा राग उतरे.

माझ्या लेकीच्या तेव्हा हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा झाला होता. जुलाब थांबत नव्हते. पिंपळगाव बसवंतच्या माझ्या सासूबाई जीव टाकून तिच्यासाठी गव्हाचं सत्त्व करत. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे आणि तळाशी बसलेला पांढरा साका दूध-तुपात शिजवायचा. भाकरी जड म्हणून बंद. पोर जितकी वाळे, तितकं सत्त्व वाढे. डॉक्टरांनी तिला एकदा फाटकात पाहिलं आणि माझ्यावरच डाफरले, “बाई, शाळेत शिकवता ना? मग घरात आंधळ्या का होता?” असा संताप आला मला! पण आतड्याचा तुकडा तपासायला तिला मुंबईला नेलं, तेव्हा हाच माणूस आमच्याआधी तिथल्या बाकावर येऊन बसला होता आणि शिपायाशी भांडत होता.

दोष गव्हाचा निघाला. आमच्या ओट्यावर बसून डॉक्टरांनी समजावलं, “रक्तात काही प्रथिनं असतात, प्रतिपिंडं म्हणतात त्यांना. घरचे राखणदारच. रोगजंतू आला की धरतात. हिचे राखणदार गव्हालाच चोर समजतात. गहू आला की हाणामारी, आणि तीत आतड्याचीच पडझड. मग खाल्लेलं अंगी लागेल कसं?” मला वाटलं, समोर येईल त्याच्यावर धावून जाणारा हा माणूस स्वतःबद्दलच बोलतोय.

“गव्हानं कोणी मरतं का?” सासूबाई म्हणाल्या. “लय ताकद असते त्याच्यात. कागदाला काय कळतंय!”

दुसऱ्या दिवशी स्टोव्हवर पुन्हा सत्त्व. तुपाचा वास समोर गेला असावा. डॉक्टर चपलांसकट आमच्या स्वयंपाकघरात घुसले आणि त्यांनी पातेलं मोरीत उपडं केलं.

“अन्न फेकतो! डॉक्टर हाय का राक्षस?” सासूबाई कडाडल्या.

“काहीही म्हणा मावशी, पण ही पोर मरेल हो!” म्हणता म्हणता डॉक्टरांचा आवाज कातर झाला. तो तसा आम्ही कधी ऐकला नव्हता. सासूबाईंनी मोरीतलं पातेलं उचलून घासायला घेतलं. त्या संध्याकाळपासून नाचणीची, तांदळाची भाकरी सुरू झाली आणि हळूहळू पोरीच्या अंगावर मांस दिसू लागलं. सासूबाईंनी डॉक्टरांना माफ केलं नाही, पण पुन्हा गहूही भिजवले नाहीत.

वाढदिवस असो की प्रसाद, लेक कुठेही गेली तरी आधी विचारी, “यात गहू आहे का?” डॉक्टरांच्या घरी मात्र ती खुशाल डबे उघडी. मी धास्तावे, तर ते माझ्यावरच खेकसत. होळीला कुणी पुरणपोळीचं ताट आणलं, तर दारातूनच हाकलत. म्हातारपणी जास्तच माजलेत, असं मी म्हणायची.

पुढे डॉक्टर गेले, तेही पेपरवाल्यावर ओरडता ओरडता. पहिल्या होळीला सासूबाईंनी शेजारणीकडून पुरणपोळ्या करून घेतल्या आणि डबा माझ्या हाती दिला. “त्याच्या फोटोपुढं ठेव. लय आवडायची.”

डॉक्टरांच्या बायकोनं, काकूंनी, मला दारातच अडवलं. “आत नको. तुमची लेक स्वयंपाकघरात आहे.” मग हळूच म्हणाल्या, “ती यायला लागली तेव्हापासून या घरात कणीक नाही. हे म्हणायचे, एका तरी घरात पोरीला विचारून खावं लागू नये.”

“मग त्यांची पुरणपोळी?”

“सोडली.”

इतका राग आला मला त्या माणसाचा! जन्मभर घसा फोडून ओरडला आणि एवढं एक सांगितलं नाही. डबा मी उंबऱ्याबाहेर ठेवला आणि तिथेच पायरीवर रडत बसले. आत माझी लेक एकेक डबा उघडून बघत होती.