डावीकडची खिडकी

चुडाव्याच्या स्टेशनवर संध्याकाळची गाडी निघून गेली की आम्ही म्हातारे बाकड्यावर बसतो. तिथं आमच्या परदेशवारीचे किस्से इतके साठलेत की एक सांगितला की मागून दुसरा हजर! माझं थोडंफार चुकत असेल. मारुती दुरुस्त करतो. त्याची दुरुस्तीही चुकीचीच असते.

मारुती माझा शाळासोबती. त्यानं जन्मभर मेंढरं राखली. मी परभणीच्या कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवला. मुलगा बेल्जियममध्ये नोकरीला आहे. त्यानं बोलावलं तेव्हा मी अट घातली, मारुती येणार असेल तर येतो. एकट्यानं जायची भीती वाटत होती, हे खरं कारण.

तिथल्या एका जुन्या शहरात लोकरीच्या व्यापाऱ्याची मध्ययुगातली हवेली अजून उभी आहे. तिचा नकाशा मी एकतीस वर्षं फळ्यावर काढला. वरच्या मजल्यावर मालकिणीची खोली. तिथल्या खिडकीतून पलंगावर पडल्या पडल्या शेजारच्या चर्चमधली प्रार्थना दिसायची. ही खिडकी मी पलंगाच्या डावीकडे काढायचो. निवृत्तीच्या दिवशी एका विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, नक्की डावीकडंच का?" तेव्हापासून झोप उडाली. इतक्या पोरांना चुकीचं शिकवलं असेल तर? इंटरनेटवर बघता आलं असतं. धीर झाला नाही. हे फक्त मारुतीला माहीत होतं.

*

हवेलीच्या काउंटरवर मारुतीनं खिशातून एसटीचं ज्येष्ठ नागरिक कार्ड काढून ठेवलं. "बाई, अर्धं तिकीट!"

मी लाजून भिंतीकडं बघू लागलो. बाईंनी कार्डावरचा फोटो पाहिला, मारुतीच्या मिशा पाहिल्या, आणि दोघांनाही सवलत दिली!

"बघ," मारुती म्हणाला, "सगळीकडं चालतंय."

*

मोठ्या दालनात चूल दिसली आणि मारुतीनं बूट काढले. "कुणाच्या चुलीपुढं पायताण घालून जावं का?"

हवेली दाखवणाऱ्या गाइडबाईंना वाटलं, पाय दुखतात. त्यांनी खुर्ची आणली. मी घाईघाईनं आमची रीत समजावली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि स्वतःचेही बूट काढले.

मारुतीनं त्यांच्या मोज्यांकडं पाहिलं. "अंगठ्याला भोक हाय. आपल्यातलीच दिसायलीय!"

*

एका टोपलीत पाहुण्यांना हात लावून बघायला लोकर ठेवली होती. मारुतीनं ती हुंगली, चिमटीत धरून ओढली. "ही मेंढी आजारी व्हती. बघ, मधीच तुटायलीय."

मी भाषांतर केलं. बाईंनी वही काढून लिहून घेतलं! या लोकरीच्या व्यापारावर मी तासन्‌तास बोललेला माणूस. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मारुती हळूच म्हणाला, "प्रोफेसर, तुझ्या पुस्तकात मेंढी न्हवती का?"

*

मग वरच्या खोलीचा जिना आला. दगडी, गोल, अरुंद. दोन पायऱ्या चढलो आणि छाती धडधडू लागली. जिन्यानं की भीतीनं, अजून सांगता येत नाही.

"तू बस हितं," मारुती म्हणाला. "मी बघून येतो."

बराच वेळ गेला. तो खाली आला तेव्हा धापा टाकत होता. दस्तीनं घाम पुसला, माझ्याशेजारी टेकला.

"बघितली खोली?"

"बघितली की. लय भारी."

"आणि खिडकी?"

"तू कुठं काढायचास?"

"डावीकडं."

"मंग? डावीकडंच हाय!"

माझे डोळे भरून आले. चष्मा पुसत होतो, तेवढ्यात गाइडबाई पळत आल्या आणि इंग्रजीत माफी मागू लागल्या. दुरुस्तीसाठी वरच्या खोलीला कुलूप आहे, जिन्यापाशी पाटी लावायची राहून गेली, तुमच्या मित्राला उगाच बंद दारापर्यंत चढावं लागलं.

मारुतीनं माझ्याकडं पाहिलं. "काय म्हणायलीय ती?"

मी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"खिडकी डावीकडंच आहे म्हणतेय."