मेजरचा उचललेला पाय

शिंदे सर कबुतर झोपवत असत. दोन्ही तळहातांत धरून त्याचं डोकं पंखाखाली खुपसायचे, हात पाळण्यासारखे चार-पाच वेळा गोल फिरवायचे आणि पाटाच्या कडेच्या गवतात ते अलगद ठेवून द्यायचे. जिवंत पाखरू दगडासारखं पडून राही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मेलं.

"मेलं नाय, लायब्ररी. मागच्या बाकावर बसलंय," सर म्हणाले.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला हे नाव चिकटवलं होतं.

गिरणाऱ्याच्या वाटेवर आमच्या द्राक्षबागा शेजारी शेजारी. सर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. खाकी हाफ पँट, गळ्यात शिट्टी, डोक्यावर शिकाऱ्याची टोपी. सैन्यात ते कधीच नव्हते. ती उणीव त्यांनी कुत्र्याचं नाव मेजर ठेवून भरून काढली. मेजर पॉइंटर जातीचा, पांढरा, कान तपकिरी. पाखराचा वास आला की पुढचा एक पाय उचलून पुतळा व्हायचं, हे त्याचं शिक्षण. त्यासाठी हुकूम 'सावधान'. सर 'विश्राम' म्हणेपर्यंत शेपूटही हलता कामा नये. मग सर पायाने गवत हलवून पाखरू उठवायचे आणि ते सरळ घरामागच्या ढाबळीत परत जायचं. उद्या पुन्हा तेच पाखरू, तोच धडा.

"पण सर, शिकारीला तर कायद्याने बंदी आहे," मी एकदा म्हणालो.

"परीक्षा रद्द झाली म्हणून अभ्यास सोडायचा का?"

पहिलं कबुतर मेजरने चावून मारलं होतं. सरांनी त्याला फटकासुद्धा दिला नाही. ते मेलेलं पाखरू सुतळीने त्याच्याच गळ्यात बांधलं आणि वास सुटल्यावरही तसंच ठेवलं. मेजर स्वतःच्या गळ्यापासून तोंड वळवून फिरायचा. त्यानंतर त्याने पाखराला तोंड लावलं नाही. भुंकला की दोरीला हिसका बसे. काही दिवसांत त्याचं भुंकणंही गेलं. मी हे सगळं कुंपणापलीकडून पाहिलं, त्यावर घरी दोन-चार चटकदार वाक्यं बोललो आणि जेवायला बसलो.

शिंदे वहिनींना मात्र भुंकणाराच कुत्रा हवा होता. मुलं पुण्याला, मळ्यात दोघंच, आणि पलीकडच्या उसात बिबट्याची मादी व्यालेली. वस्तीवरच्या दोन शेळ्या गेल्या होत्या. वहिनी सटाण्याच्या, चिडल्या की माहेरची बोली बाहेर येई.

"हाऊ कुत्रा शे का भिंतवरनं चित्तर?" आणि माझ्याकडे वळून, "भाऊजी, तुम्हीच सांगा. बिबट्या आला तर हा काय पाय उचलून उभा राहणार?"

"जो आवाज करतो त्याला शिस्त नाय," सर म्हणाले.

"मग तुम्ही दिवसभर शिट्टी कशाला फुंकता?"

सर मनापासून हसले. वहिनी हसल्या नाहीत. "पाखरू ढाबळीत आलं की चहा टाक," सर उठता उठता म्हणाले. "आम्ही मागोमाग आलोच." हा त्या घरचा रोजचा नियम होता.

छाटणीच्या दिवसांतल्या एका सकाळी पाखरू ढाबळीत आलं. वहिनींनी चहा टाकला. तो निवला. दुसऱ्यांदा टाकला. मग मला फोन केला. "भाऊजी, पाखरू केव्हाच आलं, पण हे नाही आले. जरा कुत्र्याचा आवाज येतो का बघा ना." आणि लगेच फोन ठेवला. आपण काय बोललो ते त्यांच्याही लक्षात आलं असावं.

पाटाकडे आधी मेजर दिसला. पाय उचललेला, शेपूट सरळ, नजर गवतावर. उचललेला पाय थरथरत होता. गवतात सर पडले होते. टोपी लांब उडालेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. जिवंत होते. मेजरकडे बघत होते आणि ओठांतून "वि... वि..." एवढंच निघत होतं. पाखरू आपलं आपण जागं होऊन घरी गेलं होतं. मेजरला तशी सूट नव्हती.

"विश्राम," मी हळूच म्हणालो. मेजरने कानसुद्धा हलवला नाही. ज्या थाटाची मी इतकी वर्षं टिंगल केली, त्याच थाटात मग मी छाती काढून ओरडलो, "विश्राऽऽम!" पाय खाली आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वाजता पडले?" साक्षीदार एकच होता, आणि त्याला बोलायला बंदी होती. चौथ्या दिवशी सर गेले.

मुलं न्यायला आली होती. "बाग छाटून ठेवलीय, ती कुणाच्या भरवशावर सोडू?" म्हणून वहिनी राहिल्या. आता त्या रोज संध्याकाळी अंगणात मेजरसमोर बसतात आणि स्वतः भुंकून दाखवतात. "भो कर, बाळा. असं. भो." मेजर अदबीने ऐकून घेतो. ऐकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

परवा सकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, या. तो शब्द म्हणायला या. माझ्या आवाजाला हा हलत नाही."

मेजर अंगणात उभा होता, तोंड उसाकडे. घराच्या पायरीपर्यंत ओल्या मातीत बिबट्याचे ठसे आले होते आणि तसेच परत गेले होते. मेजरला त्याने का सोडलं, कोण जाणे. रात्री वहिनी आत झोपलेल्या होत्या. त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

मी छाती काढून ओरडलो. मेजर बाजूला झाला. तो उभा होता तिथे त्याच्या पंजांचे ठसे होते. तीन, खोल रुतलेले. चौथा नव्हता.