वॉरंटीकाकांचे दोन चौकोन

घरगुती यंत्रांच्या दुरुस्ती केंद्रात परत आलेला माल घ्यायचा की नाही, हे ठरवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. फॉर्मवर दोनच चौकोन : कंपनीचा दोष आणि गिऱ्हाइकाचा दोष. पहिल्यावर खूण झाली की माल आत. दुसऱ्यावर झाली की माणूस रडकुंडीला आला तरी माल त्याच्या हातात परत. सगळे त्यांना वॉरंटीकाकाच म्हणत.

मुलाने दुसऱ्या एका मुलाबरोबर संसार थाटला, तेव्हा वॉरंटीकाकांच्या थोरल्या भावाने, दादांनी, बजावलं, "त्याने या घराची पायरी चढायची नाही." घर दोघा भावांचं, पण शब्द थोरल्याचा. वर्षभर बायकोचे डोळे दाराकडे. शेवटी वॉरंटीकाकांनी आपल्या परीने तोड काढली.

"दादा, हे जन्मजात असतं. आमच्या भाषेत, कंपनीतूनच तसं आलेलं. त्याचा काय दोष?"

दादांनी हातातला पेपर खाली ठेवला. "असं असेल तर माझी ना नाही. पण त्याच्या तोंडून ऐकू दे."

रविवारी मुलगा आला. ताटं मांडलेली होती.

"काय रे, हे तुझं जन्मापासूनच ना?" दादांनी विचारलं.

"खरं सांगू, मोठे काका? मला माहीत नाही. आणि समजा मीच ठरवलं असेल, तर काय उपाशी पाठवणार?"

"अरे, म्हण ना एकदा जन्मापासूनच म्हणून," वॉरंटीकाका अजिजीने म्हणाले. "तुझं काय जातं?"

"तुमच्या काउंटरवर थापा चालत नाहीत ना, बाबा?" तो हसला. मग हसू ओसरलं. "मी परत आलेला माल नाही. तुम्ही सांगा. मी ठरवून असा झालो असेन, तरी येऊ?"

'ये.' एवढं एकच अक्षर. ते ओठांपर्यंत आलंही. पण दादा त्यांच्याकडेच बघत होते. वॉरंटीकाकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुसून होईस्तोवर पावलं जिना उतरून गेली होती.

बायकोने त्याचं ताट उचललं नाही. नुसतं झाकून ठेवलं.

सोमवारी काउंटरवर एक बाई मिक्सर घेऊन आल्या. "माझ्याच हातून पडला हो. खोटं कशाला बोलू?"

वॉरंटीकाकांनी पेन उचललं आणि तसंच धरून बसले.

"साहेब, घेताय की नेऊ परत?"

मागे रांग वाढत चालली, आणि पेन काही कागदावर टेकेना.