मडगार्डाच्या आतले तीन ठिपके

गाडी विकून दीड वर्ष होत आलं, तरी कोणी विचारलं की, काय हो, तुमची ती लांबलचक अमेरिकन गाडी हल्ली दिसत नाही, तर मी अजूनही उखडतो. विकली, एवढंच सांगतो आणि विषय बदलतो. बायको म्हणते, विकली तर विकली, चोरी केल्यासारखं तोंड कशाला करता? आता हिला काय सांगणार, कपाळ!

गाडी वडिलांची. पन्नासच्या दशकातली, पुढे चकचकीत जाळी आणि मागे दोन्ही मडगार्डांवर माशाच्या पंखांसारखे उभे पंख. आम्ही मूळचे खाडीकाठच्या पेणकरपाड्याचे. आमची मिठागरं गेल्यावर वडील एका मीठवाल्या शेठकडे ड्रायव्हर होते. शेठने इथला धंदा आवरला तेव्हा बंद पडलेली ही गाडी त्यांनाच देऊन टाकली. ती आमच्या अंगणात वीस-पंचवीस वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. वडील रोज पुसायचे. कोणी ताडपत्री उघडी टाकली की ओरडायचे, "गाडी हाय ती, होडी न्हाय!" पण खाडीचा खारा वारा ताडपत्रीला थोडाच जुमानतो. ते गेले तोवर मागची दोन्ही मडगार्डं गंजून चाळण झाली होती.

वडील गेले आणि मला खूळ लागलं, गाडी चालू करायचीच. तसा मी तापट आणि हट्टी, घरात सगळ्यांना माहीत आहे. बायको गाडीला सवत म्हणायला लागली. इंजिनाचं काम एकाने चार-पाच महिन्यांत करून दिलं. अडलं ते पत्र्यापाशी. हायवेवरचे सगळे गॅरेजवाले एकच सांगत, फायबर लावू, पुट्टी भरू, वरून रंग मारला की कोण बघतंय. मला ते नको होतं. शेवटी एका टेम्पोवाल्याने चेणे गावातल्या एका मिस्त्रींचा पत्ता दिला. म्हणाला, म्हातारा आहे, खडूस आहे, पण पत्र्याला हात लावला की पत्रा ऐकतो.

मिस्त्री रत्नागिरीकडचे, साठी ओलांडलेले. घोडबंदर रोडवरून आत वळलं की एका चिंचेखाली त्यांची पत्र्याची शेड होती. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चहा मागवला आणि म्हणाले, "करतो. पण पुट्टी भरणार नाही, आणि घाई केलीत तर गाडी घेऊन जायची." मजुरी त्यांनी इतकी कमी सांगितली की मलाच संशय आला. मग अट सांगितली. आयुष्यभर टेम्पोचे दरवाजे आणि रिक्षाचे पत्रे ठोकले, असं काम हाताला लागलं नाही. आता लागलंय, तर उद्या ही गाडी कधी विकलीत, तर घेणाऱ्याला माझं नाव सांगायचं. असल्या गाड्या असणारे लोक एकमेकांना ओळखतात. एकाला कळलं की चार गाड्या येतील. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, विकतोय कोण, पण विकलीच तर पहिलं नाव तुमचं.

अडीच वर्षं लागली. माणूस वाळूच्या गोणीवर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने ठोकायचा, पुठ्ठ्याच्या मापाला लावून बघायचा, परत ठोकायचा. मग डोळे मिटून पंखावरून तळहात फिरवायचा. मला काहीही दिसत नसे, आणि हे म्हणत, इथे लाट आहे. की पुन्हा ठोकाठोकी. मी दोनदा भांडलो, एकदा तर गाडी ओढून नेतो म्हणून दम दिला. त्यांनी वरही बघितलं नाही.

दोन्ही मडगार्डं झाली त्या दिवशी त्यांनी मला आतून बॅटरी मारून दाखवली. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला, एका कोपऱ्यात, पोगराने, म्हणजे टोकदार छिन्नीने, मारलेले तीन बारीक ठिपके होते. त्यांच्या उस्तादांची रीत. स्वतः घडवलेल्या पत्र्यावरच मारायचे, नुसत्या दुरुस्तीवर नाही. एक शिकवणाऱ्याचा, एक करणाऱ्याचा आणि एक ज्याने थांबून धीर धरला त्या मालकाचा. "तिसरा तुमचा," ते म्हणाले. मला मेलं भरून आलं. भांडखोर माणसाच्या धीराचं कौतुक करणारा तो पहिलाच.

मग आम्ही बेव्हर्ली पार्कातल्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. पार्किंगच्या रेषेबाहेर गाडीचं बूड दीड हात यायचं. सोसायटीत रोज कटकट. शेजाऱ्यांशी माझी हिंदीतून भांडणं. खरं सांगायचं तर पेणकरपाड्याच्या अंगणात गाडी ठेवता आली असती, भावाने जागा देतो म्हटलंही होतं. पण तोवर टाऊनमधल्या, जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका शौकिनाचा फोन आला होता आणि माझ्या डोक्यात भाव घुमायला लागला होता. गरज काही नव्हती. हे मी आता कबूल करतो, तेव्हा बायकोलाही करत नव्हतो.

त्या शौकिनाने फोनवर एकच गोष्ट चार वेळा विचारली. पत्रा ओरिजिनल आहे ना? कारखान्यातून आलेला? तसा असेल तर मी म्हणतो तो भाव, नसेल तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. नंतर बनवलेला माल त्याच्या लोकांत चालत नव्हता. मी म्हटलं, सगळा ओरिजिनल. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

फोन ठेवल्यावर ठिपके आठवले. तो बरोबर माहीतगार माणूस आणणार होता, ते बॅटऱ्या घेऊन गाडीखाली शिरणार. मी तडक चेण्याला गेलो. मिस्त्रींना सगळं सांगितलं, म्हणजे भाव सोडून सगळं. सोसायटी, कटकट, बायको, पत्रा ओरिजिनल म्हणून सांगितल्याचं. आणि म्हटलं, ठिपके तेवढे घालवायला लागतील. ते बराच वेळ हातातल्या चिंधीने हातोडीचा दांडा पुसत होते. मी म्हटलं, वाटल्यास मी दुसऱ्या कुणाकडून घासून घेतो.

"दुसरा घासेल तर खूण राहील," ते म्हणाले. "आणा गाडी."

इतकंच. नावाचं काय, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी चिडलो असतो, आणि चिडायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

गाडी बघायला ते लोक रविवारी सकाळी आले. मीच मिस्त्रींना बोलावलं होतं, कारण थंड गाडी फक्त त्यांच्या हाताने पहिल्या झटक्यात चालू व्हायची. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. माहीतगार माणसाने खिशातून लोहचुंबक काढलं आणि मागच्या पंखांवरून इंच इंच फिरवलं. पुट्टी असती तर सुटलं असतं. कुठेच सुटलं नाही. आत बॅटरी मारली, बोट फिरवलं, आणि मालकाला इंग्रजीत म्हणाला, कारखान्याचाच आहे, असा पत्रा हाताने होत नाही. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं.

मग त्या शौकिनाने मिस्त्रींकडे बघून मला विचारलं, ये कौन? आणि मी, छातीवर हात ठेवून शब्द दिलेला मी, म्हणालो, "ये गाडी धोता है. पुराना आदमी है."

हे हिंदीत होतं. हे त्यांना कळलं. ते किंचित हसले आणि खिशातली चिंधी काढून पंखावरचा माझ्या बोटांचा डाग पुसायला लागले. पुढे त्या नव्या मालकाला शेजारी बसवून त्यांनी चोक किती ओढायचा, पाय कधी उचलायचा, पावसाळ्यात कुठे तेल सोडायचं, सगळं नीट समजावलं. त्याने खूश होऊन त्यांना बक्षीस दिलं, गाडी धुणाऱ्याला देतात तेवढं. त्यांनी ते घेतलं. मी बघितलं नाही, पण बघितलं.

नंतर मी पेढे आणि एक पाकीट घेऊन चेण्याला गेलो. त्यांनी पेढा घेतला, पाकीट माझ्या शर्टाच्या खिशात परत घातलं आणि टेम्पोच्या दरवाज्याकडे वळले.

मागच्या महिन्यात त्या शौकिनाचा फोन आला. डावं मागचं मडगार्ड एका ट्रकने घासून चेपलं. त्याच्या माणसांनी हात टेकले. आता अमेरिकेहून मागवतोय, हे काढून भंगारात देणार. जाता जाता विचारावं तसं त्याने विचारलं, आपके यहाँ कोई है क्या, जो ये पत्रा बना सके?

जिभेवर नाव होतं. पण नाव सांगितलं की मिस्त्री तिथे जाणार, पत्रा बघणार, चार प्रश्न होणार, आणि माझा ओरिजिनल माल चव्हाट्यावर येणार. मी म्हटलं, नाही हो, तसे कारागीर आता राहिले कुठे.

दुसऱ्या दिवशी राहवेना, चेण्याला गेलो. शेडमध्ये एकच रिक्षा उभी होती. मिस्त्री बाकावर नुसतेच बसले होते. काम कमी झालंय म्हणाले, आता लोक पत्रा ठोकत नाहीत, बदलतात. चहा आला. माझ्या मनात एकच आशा होती. त्यांनी ठिपके खरे घासलेच नसतील, नुसते रंगाने झाकले असतील. पत्रा चेपला म्हणजे रंग उडाला असेल, भंगारात जायच्या आधी कोणीतरी बघेल, विचारेल, आणि मला तोंड उघडायची वेळच येणार नाही. धीर करून विचारलं, ते ठिपके खरंच घालवले होते का?

"हो तर," ते म्हणाले. "झाळ भरून, घासून. तुम्ही त्याला ओरिजिनल सांगितलं होतं ना. तुमचा शब्द खोटा पडायला नको."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. त्या शौकिनाचा नंबर खिशातल्या फोनमध्येच होता.

"गाडी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मजेत आहे."