अलमेलूला न शिकवलेला शब्द

गायत्रीने अंदमानला जायचं कबूल केलं तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो आईच्या बोलण्याचा. औषधं, पथ्य, अंघोळ हे सगळं आईला सांभाळायला ठेवलेली अलमेलू दोन वर्षं करतच होती. अडचण होती ती भाषेची; अलमेलूला फक्त तमिळ येत होती.

तिची आई अंबाबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. जन्म तंजावरचा, लग्नानंतरचं सारं आयुष्य कुंभकोणममधलं. बाजारात, देवळात, शेजारीपाजारी त्या जन्मभर तमिळ बोलल्या, आणि तेही असं की भाजीवाल्याने हात जोडावेत. पण दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हाताबरोबर तमिळही गेली. उरली ती फक्त घरातली मराठी, तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आलेली, पुण्याच्या माणसाला ऐकून गंमत वाटावी अशी. ती समजणारं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे गायत्री. भाऊ सुंदर चेन्नईला असायचा आणि महिन्यातून एकदा यायचा.

गायत्री बावन्न वर्षांची, बिनलग्नाची. मुलींच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. दाब वाढला की वायूचं आकारमान घटतं, हा प्रयोग तिने तीस वर्षं मुलींसाठी मांडून ठेवला होता. स्वतः कधी केला नव्हता. लहानपणी अरसलार नदीत ती माशासारखी पोहायची. ते ऐकून सुंदरची मुलगी दिव्यश्री हट्टाला पेटली. "आत्या, मी गेल्या वर्षी समुद्रात खोल बुडी मारायला शिकले. चार दिवसांचा कोर्स आहे. तूही शीक. तुझ्या नावाचं कार्ड मिळेल."

"या वयात कार्ड घेऊन काय करू?"

"रेशनच्या कार्डाशेजारी ठेव."

मग आठ दिवस रोज संध्याकाळी गायत्रीने अलमेलूला स्वयंपाकघरात समोर बसवून मराठी शब्द शिकवले. पाणी. भात. दुखतं. थंडी. उठव. नीज. नको. 'नको' तिला आधीच येत होता. "पाट्टी दिवसभर तेवढंच म्हणतात की," ती हसून म्हणाली. अंबाबाईंना ती पाट्टी, म्हणजे आजी, म्हणायची आणि गायत्रीला अम्मा. भातचं ती बाद करायची आणि दुखतंचं दुगदं, पण अर्थ चुकत नसे. एकतीस शब्द झाले. शेवटच्या दिवशी गायत्रीने तोंडी परीक्षा घेतली.

"अम्मा, आमच्या मरुदानल्लूरच्या शाळेत मास्तरांनी एवढं घोटून घेतलं असतं, तर आज मी कलेक्टर असते."

"आधी 'उशी' म्हणजे काय ते सांग, कलेक्टरीणबाई."

अलमेलूने सांगितलं. एकही शब्द चुकला नाही. गायत्री निश्चिंत होऊन निघाली.

बेटावर तिला शिकवायला पाँडिचेरीची वाणी नावाची मुलगी होती, उन्हाने काळवंडलेली, सव्वीस वर्षांची आणि भयंकर कडक. डॉक्टरचा दाखला पाहिल्याशिवाय तिने पाण्यात पाऊल टाकू दिलं नाही. मग दोनशे मीटर पोहून दाखवा, दहा मिनिटं हात न टेकता तरंगून दाखवा. ते गायत्रीने दाखवलं. घट्ट रबरी पोशाखात शिरणं मात्र जड गेलं. दिव्यश्री मागून चेन ओढत म्हणाली, "श्वास आत घे, आत्या! पोटही आत घे!" आणि गायत्री इतकी हसली की चेन पुन्हा खाली आली.

पहिला धडा छातीइतक्या पाण्यात झाला. पाठीवरच्या हवेच्या टाकीची नळी तोंडात धरायची आणि श्वास घेतच राहायचा. "काहीही होवो, श्वास रोखायचा नाही," वाणी पुन्हा पुन्हा बजावत होती. "रोखून वर आलात तर आतली हवा फुगेल आणि फुप्फुसं फाटतील." हे गायत्रीला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट, हवा निम्मी. तीस वर्षांचा प्रयोग आता तिच्याच कानात चालला होता. नाक चिमटीत धरून हळूच फुंकलं की कान टक् करून मोकळे व्हायचे.

खुणा शिकताना फजिती झाली. पहिल्या खोल बुडीत रंगीत माशांचा थवाच्या थवा अंगावरून गेला. वाणीने बोटाने विचारलं, ठीक? गायत्रीने आनंदाने अंगठा वर केला. वाणीने लगेच तिचा पट्टा धरला आणि तिला वर आणलं.

"काय झालं? का वर यायचं होतं?"

"मला कुठे यायचं होतं? छान आहे म्हणत होते!"

"अंगठा म्हणजे वर चला. ठीक असेल तर बोटांचा गोल. पाण्याखाली एका खुणेचे दोन अर्थ चालत नाहीत, मॅडम."

रोज संध्याकाळी ती घरी फोन लावायची. लागला तर अलमेलू भराभर सांगायची, "पाट्टी जेवल्या. दोनदा नको म्हणाल्या, एकदा बाद म्हणाल्या." मग फोन अंबाबाईंच्या कानाशी. त्या म्हणायच्या, "जेवलीस की?" आणि पुढे फक्त श्वास ऐकू यायचा.

तिसऱ्या दिवशी लेखी परीक्षा झाली. पन्नास प्रश्नांत गायत्रीचे दोन चुकले, आणि ते दोन कोणते हे तिने वाणीच्या मागे लागून पाहून घेतलं. चौथ्या दिवशी, मंगळवारी, शेवटची बुडी होती. दिव्यश्रीला सर्दी झाली म्हणून ती किनाऱ्यावर राहिली. अठरा मीटरवर गायत्री वाळूच्या हातभर वर, ना वर ना खाली, नुसती टांगल्यासारखी स्थिर राहिली. कुणाला उठवायचं नव्हतं, कुणाला भरवायचं नव्हतं. इतकी हलकी ती कधीच झाली नव्हती. होडीत आल्यावर वाणीने तिच्याशी हात मिळवला आणि कार्डासाठी फोटो काढला. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

किनाऱ्यावर दिव्यश्री उभी होती. हातात फोन धरून ती रडत होती.

अंबाबाई पावणेदहाला गेल्या होत्या.

संध्याकाळच्या विमानात जागा होती. त्याने गेलं असतं तर पहाटेपर्यंत कुंभकोणम गाठता आलं असतं. वाणी तिच्यासमोर येऊन बसली. आता तिच्या आवाजात कडकपणा नव्हता. "मॅडम, बुडीनंतर अठरा तास विमानात बसता येत नाही. रक्तात नायट्रोजन साठलेला असतो. वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात." तोच नियम पुन्हा. गायत्रीनेच तो परीक्षेत बरोबर लिहिला होता.

सुंदर फोनवर म्हणाला, "शास्त्री दहनासाठी सकाळी सातच्या पुढे थांबायला तयार नाहीत."

"दुपारपर्यंतही नाही?"

"तू पोहायला गेली होतीस, गायत्री. लोकांना मी काय सांगू?"

दिव्यश्री पुढे गेली. गायत्री बेटावर राहिली, आणि बुधवारी दिवेलागणीला घरी पोचली तेव्हा आईची खोली धुऊन काढलेली होती.

अलमेलू तिच्याच वाटेकडे डोळे लावून बसली होती. पाय धरून रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "अम्मा, एक गोष्ट सांगायची राहिली आहे. शेवटी पाट्टींना तमिळ आठवली!"

"काय म्हणाल्या?"

"वरा, वरा. तुमचंच विचारत होत्या, येतेय का म्हणून. मी म्हटलं, वरा पाट्टी, उद्या-परवा येतेय. सारखं तेच विचारत होत्या. मी हात धरून सारखं तेच सांगत होते."

तमिळमध्ये 'वरा' म्हणजे ती येतेय. गायत्रीने मान वर करून छताच्या पंख्याकडे पाहिलं. तिने विचारलं, "त्या वेळी वीज होती का?"

"नव्हती ना. तारांच्या कामासाठी आठ ते बारा बंद होती. किती उकडत होतं!"

छताचा पंखा बाराही महिने चालू असायचा. आईला तो कधी मागावाच लागला नव्हता. एकतीस शब्दांत 'वारा' नव्हता.

डॉक्टरांना ती जाऊन भेटली. ते म्हणाले, हृदय थकलं होतं, फुप्फुसांत पाणी भरलं होतं, हातपंख्याने काही झालं नसतं. गायत्रीने मान हलवली. वाचली नसती, हे तिलाही कळत होतं. पण आई श्वासासाठी वारा मागत होती, आणि उत्तर मिळत होतं की लेक येतेय.

दहाव्या दिवशी फोनवर कार्ड आलं. ओल्या केसांची एक बाई त्यात तोंडभर हसत होती. गायत्रीने फोन पालथा ठेवला.

अलमेलूला सांगायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. सांगून कुणाचं भलं होणार? ती बाई गल्लीभर अभिमानाने सांगत होती की पाट्टी शेवटी माझ्याशी माझ्या भाषेत बोलल्या. पण तेरावा उरकल्यावर पट्टीश्वरम्‌हून चंद्रमौली आले. ते दूरच्या नात्यातले. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती, तीही आता मराठीच बोलायची. "अलमेलूला थोडी भाषा येते म्हणे. सोमवारपासून पाठवशील का? आईला दमा आहे, कुणीतरी सतत जवळ लागतं."

गायत्री हो म्हणाली. ते गेल्यावर तिने अलमेलूला स्वयंपाकघरात बोलावलं, कॉफी दिली आणि उभ्याउभ्याच सांगितलं.

"आणखी एक शब्द आहे. वारा. वारा म्हणजे काट्रू. जीव घुसमटला की आमच्यात वारा घाल म्हणतात."

अलमेलूने पेला खाली ठेवला. तिला कळायला वेळ लागला नाही.

"म्हणजे पाट्टी..."

"मी शिकवायला विसरले. चूक माझी."

"पंखा हाताशी होता, अम्मा. खुंटीला. ताडाचा." ती जमिनीकडे पाहत राहिली. "मी सांगितलं की त्या गप्प व्हायच्या. मला वाटायचं, समाधान झालं."

गायत्रीने कॉफीचा पेला तिच्याजवळ सरकवला.

"कशाला सांगितलंत, अम्मा?"

"चंद्रमौलींच्या आईला दमा आहे म्हणून. नाहीतर सांगितलं नसतं."

कॉफीवर साय धरली. मग अलमेलूने पदराने तोंड पुसलं आणि वर न पाहताच म्हणाली, "परत म्हणा."

"वारा."

"वरा."

"वा लांब. वाऽरा."

"वारा," अलमेलू म्हणाली. शब्द बरोबर आला होता. तिने तो आणखी दोनदा म्हटला, आणि तिसऱ्या वेळी तिला रडू फुटलं.