पहिल्या हॅलोपुरतं

अकराबाईंना अकराबाई का म्हणतात, हे आता त्यांच्या गल्लीत कुणालाच धड सांगता येत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा समज असा, की त्यांना अकरा भावंडं होती. खालच्या मजल्यावरच्या आजी छातीठोकपणे सांगतात, की लग्न होऊन आल्यावर अकरा दिवसांत त्यांनी घराची सगळी सूत्रं हातात घेतली, म्हणून. बाईंचे यजमान, म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर, दोन्ही गोष्टींना मान डोलावतात. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणतात, "आधीच्या दहाजणी जास्त शिस्तीच्या होत्या."

मास्तरांचं बोलणं थट्टेचं वाटलं तरी तेच खऱ्याच्या जवळचं आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाईंची खुर्ची अकरावी होती.

परगावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजला नंबर सांगून ताटकळत बसावं लागे, त्या दिवसांतली ही नोकरी. पहिल्या मजल्यावरचं लांबच लांब दालन, खिडक्यांना जाड पडदे, आणि एका रांगेत बावीस खुर्च्या. प्रत्येकीसमोर भोकाभोकांचा उभा बोर्ड आणि भोकांच्या वर मण्याएवढे दिवे. दिवा लागला की दोरीचं एक टोक त्या भोकात खुपसायचं, नंबर विचारायचा, दुसरं टोक दुसऱ्या भोकात. हेडफोनने दुपारपर्यंत कान लालबुंद व्हायचे. नावाने हाका मारायची तिथे पद्धतच नव्हती. सुपरवायझर मोठ्या बाई खुर्चीच्या नंबराने बोलवायच्या. अकरा, मान वर. सात, काय हसताय. सातने लग्न केलं, चौदाला मुलगा झाला, बावीस सासरी नांदेना. बाहेर रस्त्यात भेटल्यावरही त्या एकमेकींना नंबरानेच हाक मारत, आणि आजूबाजूचे लोक चमकून बघत.

कामाचा नियम एकच होता, पण कडक होता. इकडून हॅलो आलं, तिकडून हॅलो आलं, की लाइन जुळली. मग कळ खाली पाडायची आणि मधून बाहेर पडायचं. त्यापुढचा एक शब्द ऐकला तरी गुन्हा. मोठ्या बाई रबरी तळव्यांच्या चपला घालून पाठीमागून फिरत असत, त्यामुळे त्या कुठे आहेत हे कळायचं नाही. तरी काहीजणी ऐकायच्याच. चौदा नंबरला शहरातल्या निम्म्या सोयरिकी वधूपित्याच्या आधी ठाऊक असत.

अकराबाईंनी मात्र कधी चोरून ऐकलं नाही. भीतीपोटी नव्हे. त्यांना ती गरजच वाटली नाही. त्यांच्या वाट्याला येणारं पहिलं हॅलो त्यांना पुरून उरायचं.

तासभर वाट पाहिलेल्या माणसाचं हॅलो कसं असतं, हे त्यांना विचारावं. एक गृहस्थ होते, खर्जातला आवाज, ऑपरेटरशी बोलताना नुसता दरारा. पण पलीकडून बायकोचा आवाज आला की त्यांचं हॅलो दोन मापं लहान होऊन बाहेर पडायचं. एक आजोबा होते, ते गाव जितकं लांब तितक्या मोठ्याने ओरडायचे. एका मुलीचं हॅलो हसूनच यायचं, म्हणजे शब्द मागाहून आणि हसू आधी. आणि बहुतेक सगळे आपलं नाव न सांगता नुसतं "मी बोलतोय" म्हणायचे, जगात दुसरा मी नसल्यासारखे; आणि नवल म्हणजे पलीकडच्याला ते पुरायचं. तेवढं कानावर पडलं की बाई कळ पाडायच्या आणि पुढच्या दिव्याकडे वळायच्या, आणि त्यांचा चेहरा असा दिसायचा, की मोठ्या बाईंनी दोनदा चौकशी केली: अकरा, तोंडात काही आहे का.

संध्याकाळी घरी आल्यावर चहाच्या वेळी त्या मास्तरांना दिवसातलं एक हॅलो करून दाखवायच्या. एकच. नाव नाही, गाव नाही, नुसतं हॅलो. मास्तरांनी ओळखायचं, कुणी कुणाला म्हटलं असेल. "हा जावई आहे, सासऱ्याला काहीतरी मागणार आहे," मास्तर म्हणायचे. बरोबर की चूक हे दोघांनाही कळायचं नाही, कारण पुढचं बाईंनी ऐकलेलंच नसायचं. पण चहा निवेपर्यंत वाद चालायचा. त्या दिवसांत त्यांच्याकडे बसायला दोन खुर्च्या आणि एक पेटी होती, आणि तरी त्या चहाची आठवण काढताना मास्तर अजून खिडकीबाहेर बघत बसतात.

त्यांची लेक तेव्हा सात-आठ वर्षांची. घरभर फिरत असायची म्हणून तिला भिंगरी म्हणत. शाळा सुटली की भिंगरीने वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जायचं आणि त्यांच्या फोनवरून एक्स्चेंजला कळवायचं, की मी घरी पोचले. मोठ्या बाईंनी याकडे डोळेझाक केली होती, मात्र दहा सेकंदांत आटपायच्या अटीवर. त्यामुळे रोज साडेचारला अकराव्या बोर्डवर तो दिवा लागे.

"हॅलो, आई, मी आले."

"बरं. ठेवते."

बस, एवढंच. पाच-सहा वर्षं रोज.

पुढे यंत्रं आली. लोक आपापले नंबर आपणच फिरवू लागले आणि ते दालन रिकामं झालं. बाईंना खाली तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. तिथे हॅलोच्या जागी "अहो, काय चाललंय काय तुमचं" असं ऐकू यायचं. ती वर्षं त्यांनी मुकाट्याने काढली आणि निवृत्त झाल्या. तोवर भिंगरी मोठी झाली होती. दूरच्या शहरात एका दवाखान्यात ती रक्ताचे नमुने तपासते, एकटी राहते, आणि दर रविवारी सकाळी साडेदहाला घरी फोन करते.

त्या फोनची रीत ठरून गेली होती. आधी मास्तर बोलायचे. हवा, दुखणारा गुडघा, शेजाऱ्यांचं मांजर, सगळं यथासांग. अर्ध्या तासाने "घे, आईशी बोल" म्हणून ते फोन पुढे करायचे. अकराबाई हात पुसून तो घ्यायच्या, कानाला लावायच्या आणि डोळे मिटायच्या. पलीकडून "हॅलो, आई" यायचं. बाईंचा चेहरा उजळायचा. "बरी आहेस ना? बरं. ठेवते." आणि हात आपोआप खाली यायचा. एकोणतीस वर्षांची सवय. हॅलो ऐकून कळ पाडायची आणि बाहेर पडायचं. मास्तर थट्टा करायचे, की मायलेकींचं बोलणं पोस्टाच्या तिकिटावर मावेल. बाई हसून स्वयंपाकघरात जायच्या आणि त्यांचा पुढचा सगळा दिवस छान जायचा. आपलं काही चुकतंय असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

मग एका रविवारी मास्तरांनी फोन पुढे केला नाही. बाई हात पुसून उभ्या होत्या. मास्तरांनी बोलणं संपवलं आणि फोन जागेवर ठेवला. लेक घाईत असेल, बाईंना वाटलं. पुढच्या रविवारीही तसंच झालं. तिसऱ्या रविवारी त्या दाराशीच येऊन थांबल्या, आणि फोन ठेवल्यावर मास्तर त्यांच्याकडे न बघता चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

बाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाले, की भिंगरीनेच सांगितलंय, आईला उगाच फोनवर बोलावू नका.

"का?"

"म्हणते, आईला माझा कंटाळा आहे. लहानपणापासून आहे, म्हणते. तिला माझ्याशी बोलायचं नसतं, उरकायचं असतं."

अकराबाई आत गेल्या आणि पालेभाजी निवडायला बसल्या. बऱ्याच वेळाने मास्तर आत डोकावले, तर देठं ताटात होती आणि पानं टाकायच्या कागदावर.

पुढचे तीन दिवस त्या घरात अशा वावरल्या, की मास्तरांनी दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मास्तरांनी सुचवलं, रविवारी मी तिला समजावतो. बाई म्हणाल्या, नको. मधे कुणी नको.

गुरुवारी संध्याकाळी मास्तर फिरायला गेले होते. बाई फोनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. लेकीचा नंबर मास्तरांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता. त्यांच्या हातून उभ्या आयुष्यात किती माणसं एकमेकांना जोडली गेली असतील, त्याची मोजदाद नाही. पण स्वतः होऊन कुणाला फोन लावल्याचं त्यांना आठवेना. बोटं एकदा चुकली. दुसऱ्यांदा घंटा वाजू लागली, आणि आपल्या छातीतली धडधड हेडफोनमधून यावी तशी त्यांना मोठी ऐकू आली.

"हॅलो? बाबा?"

"मी बोलतेय," बाई म्हणाल्या.

 पलीकडे लेकीचा आवाज चढला. काय झालं, बाबा पडले का, कुठल्या दवाखान्यात आहात. आईचा फोन म्हणजे वाईट बातमी, याशिवाय तिला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. बाबा ठीक आहेत, फिरायला गेलेत, असं दोनदा सांगावं लागलं.

"मग?" लेक म्हणाली.

बाईंचा हात खाली यायला निघाला. त्यांनी दुसऱ्या हाताने तो धरला.

"पुढे काय बोलायचं असतं ते मला येत नाही गं," त्या म्हणाल्या. "मी ते कधी ऐकलंच नाही."

 मग बाई जमेल तसं बोलू लागल्या. मोठ्या बाईंच्या चपला, कळ, नियम, सगळं उलटसुलट. लेकीला हे सगळं ठाऊक होतं, पण कुणा दुसऱ्याची गोष्ट ठाऊक असते तसं. मग बाई साडेचारच्या फोनवर आल्या. म्हणाल्या, तू जिने चढून यायचीस ना, तुला धाप लागलेली असायची. धाप लागलेली असली म्हणजे पळत आलीस, म्हणजे दिवस चांगला गेला. नसली म्हणजे पाय ओढत आलीस, म्हणजे कुणीतरी काहीतरी बोललं. सर्दी व्हायच्या आदल्या दिवशी मला कळायची. ज्या दिवशी तुझा दात पडला, त्या दिवशी 'हॅलो'तला 'ल' वेगळा आला होता.

"म्हणून तू घरी आल्या आल्या तोंड उघडायला सांगितलंस?"

"मग काय तर."

"मला वाटलं, बाबांनी चुगली केली."

"मला तेवढ्यात सगळं कळायचं," बाई म्हणाल्या. "माझं पोट भरायचं. तुला माझ्याकडून काहीच कळत नव्हतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही बघ."

लेकीने नाक ओढलं. मग म्हणाली, आई, तू ठेवलंस तरी मी ठेवायचे नाही. आत नुसता गूं आवाज यायचा, त्याला मी शाळेतलं सगळं सांगायचे. वर्गातल्या बाईंनी दिलेली गणितं, डबा कुणी खाल्ला, सगळं.

"किती वेळ?"

"काकू ओरडेपर्यंत."

बाईंना हसूही आलं आणि डोळेही भरले, आणि दोन्ही एकदम कसं आवरायचं ते न कळून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. पलीकडे भांड्याचं झाकण थरथरू लागलं. लेक म्हणाली, अगं, गॅसवर डाळ आहे, उतू जाईल. मग आवाज जरा लहान झाला. "ठेवू का?"

"नको," अकराबाई म्हणाल्या. "तू कर तुझं. मी आहे इथे."

"म्हणजे नुसतीच?"

"नुसतीच."

लेकीने फोन ओट्यावर ठेवला असावा, कारण एकदम सगळं स्वयंपाकघर बाईंच्या कानात आलं. नळ सुटला आणि बंद झाला. ओट्याखालच्या कपाटाचं दार उघडलं, ते नीट बसत नव्हतं, लेकीने त्याला पायाने ढकललं. मग कांदा चिरायचा आवाज, आधी भरभर आणि शेवटच्या तुकड्याशी सावकाश. असाच तर त्या स्वतः चिरत. लेक मधेच काहीतरी गुणगुणू लागली, सूर सपशेल चुकलेला. डाळीला म्हणाली, थांब गं बाई. कुठल्या तरी पावडरीने तिला शिंक आली. या मुलीचं हे घर बाईंनी एकदाही पाहिलं नव्हतं, आणि आता त्यात कुठे काय ठेवलंय हे त्यांना हळूहळू दिसू लागलं. डबे डाव्या हाताला होते, उंचावर. प्रत्येक वेळी ती टाचा उंचवायची तेव्हा चप्पल फरशीवर फट्ट वाजायची.

मास्तर फिरून आले. दारातच थबकले. कोण, असं त्यांनी भुवयांनी विचारलं. बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. मास्तर तसेच चोरपावलांनी आत गेले आणि चहाचं आधण ठेवताना त्यांनी पहिल्यांदाच भांडं न आपटता ठेवलं.

पलीकडे पळी फिरत होती. ती थांबली.

"आता मीठ घातलं का मी?" लेकीने स्वतःशीच विचारलं.

"नाही अजून," अकराबाई म्हणाल्या. "त्या शिंकेनंतर एकाही डब्याचं झाकण वाजलं नाही."